झायन : पन्नास क्युसेकची नदी

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात जायचं म्हटलं की ओळखीतले लोक आधी आपली यादी वाढवून देतात. "एवढं जाताच आहात तर ब्राइस करा, अँटिलोप करा, आणि ग्रँड कॅन्यन तर वाटेतच आहे." वाटेत काही नाही. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ झायनहून गाडीने पाच तासांच्या घरात आहे, आणि अशी यादी घेऊन निघालेली मंडळी बराचसा युटा गाडीच्या काचेतूनच बघतात. आम्ही ठरवलं, एकच पार्क आणि एकच मुक्काम. साताऱ्याहून आलेले आई-बाबा बरोबर होते, हे त्याचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की झायन बघायला सोपं असलं तरी जुळवायला किचकट आहे.

किचकट जागेमुळे. पार्क तसं ऐसपैस आहे, पण बहुतेकांना जे बघायचं असतं ते सगळं एकाच अरुंद दरीत. दरीत एक नदी, नदीकाठाने एक रस्ता, आणि वर्षाला पंचेचाळीस-पन्नास लाख माणसं. एके काळी त्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागायच्या. २००० सालापासून पार्कने तिथे स्वतःच्या फुकट बस सुरू केल्या, आणि साधारण मार्च ते नोव्हेंबर दरीच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी घातली. एकूण नऊ थांबे. बसला तिकीट नाही, आरक्षण नाही, आता गाड्याही विजेवरच्या. पण सकाळी नवानंतर पहिल्या थांब्यावर पोचलात तर रांग बघून शिर्डीची आठवण होते.

म्हणून आमची तयारी उन्हाळ्यातच सुरू झाली. जायचं होतं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. जूनमध्ये तिथे पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे जातो, आणि जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारच्या वादळी पावसाचा हंगाम असतो. होय, त्या वाळवंटातही मॉन्सून म्हणतात, आणि आपल्याकडच्यासारखंच त्याच्या भरवशावर काही ठरवता येत नाही. एप्रिल-मे चांगले, पण तेव्हा वरचं बर्फ वितळून नदीला पाणी जास्त असतं आणि नदीतून चालायची वाट बऱ्याचदा बंद असते. हे पाण्याचं गणित घरात सगळ्यात आधी बाबांना पटलं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आमच्या लहानपणी पावसाळ्यात घरात कोयनेची पातळी आणि विसर्ग यांच्याखेरीज दुसरी बातमी नसे. झायनच्या संकेतस्थळावर मी त्यांना वाचून दाखवलं की व्हर्जिन नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला १५० घनफुटांच्या, वर गेला की 'नॅरोज' ही नदीतून चालायची वाट बंद करतात. बाबा हसायलाच लागले. "दीडशे? कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू केलं की हजार क्युसेक नदीत जातं. एवढं तर आम्ही एका वितरिकेला सोडायचो." मग त्यांनी स्प्रिंगडेलजवळच्या प्रवाहमापकाचा आलेख फोनवर उघडायला शिकून घेतला, आणि पुढचे काही आठवडे रोज सकाळी चहाबरोबर तो बघितला. आकडा पन्नासच्या आसपासच होता.

दुसरी तयारी 'एंजल्स लँडिंग'ची. उभ्या कड्याच्या धारेवरून साखळ्या धरत चढायची ही वाट इतकी गाजली की गर्दीमुळे धोका वाढला, आणि १ एप्रिल २०२२ पासून तिथे परवाना लागतो. परवाना सोडतीने मिळतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरसाठी अर्ज १ ते २० जुलैला भरायचे. अर्जाला सहा डॉलर, नंबर लागला तर माणशी आणखी तीन. तिथे नाही लागला तर आदल्या दिवशीची दुसरी सोडत असते. रात्री बारानंतर दुपारी तीनपर्यंत अर्ज करायचा, निकाल चार वाजता. जुलैच्या सोडतीत आमचा नंबर लागला नाही. नवऱ्याचं तोंड उतरलं. मला मनातून बरं वाटलं.

पैशांचं एक सांगून ठेवते, कारण भारतातून आई-वडील येणाऱ्या घरांना ते लागू आहे. गाडीमागे ३५ डॉलरचं तिकीट सात दिवस चालतं, आणि ८० डॉलरचा वर्षाचा पास सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत चालतो. पण २०२६ पासून झायनसह ११ उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या सोळा वर्षांवरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा लावलेत. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा. आम्ही गेलो तेव्हा हा नियम नव्हता. आता जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी त्या वेळचा नियम नीट वाचा.

पहिला दिवस

सॅन होजेहून विमानाने लास व्हेगास, तिथून भाड्याची गाडी. झायन तिथून साधारण १६० मैल. पहिला तासभर सपाट, पांढुरकं, काहीच नसलेलं वाळवंट. आई म्हणाली, "हे बघायला आलोय का आपण?" मेस्क्विट गेलं, ॲरिझोनाचा कोपरा लागला, आणि महामार्ग एकदम डोंगरात शिरला. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, मध्ये वळणं घेत चाललेला रस्ता आणि खाली एक बारीकशी मातकट नदी. फलकावर नाव होतं व्हर्जिन रिव्हर. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली, पण तिथे थांबायची सोय नाही. "तीच का ही? पन्नास क्युसेकवाली?" तीच.

युटात शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं. बस, सोडत, भाड्याच्या दुकानाची बंद व्हायची वेळ, सगळं युटाच्या वेळेने चालतं. फोन आपोआप बदलतो, बाबांचं मनगटी घड्याळ बदलत नाही. ते ते मुद्दाम मागेच ठेवतात. मनातल्या मनात साताऱ्याची वेळ काढायला त्यांना कॅलिफोर्नियाची वेळ सोपी पडते म्हणे.

स्प्रिंगडेल हे पार्कच्या दाराशी असलेलं छोटं गाव. एकच रस्ता आणि मान वर केली की दोन्ही बाजूंना लाल भिंती. राहायला इथेच घ्या, थोडं महाग पडलं तरी. गावातली फुकट बस दारातून उचलते आणि पार्कच्या फाटकाशी सोडते. फाटकाआतला वाहनतळ सकाळी लवकरच भरतो. आम्ही छोटं स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती. आईने राइस कुकर कॅलिफोर्नियाहून आणला होता, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी. गावातल्या दुकानातला दुधाचा भाव बघून तिच्या दूरदृष्टीचं कौतुक झालं.

सामान टाकून आम्ही आधी बूट भाड्याने घ्यायला गेलो. नॅरोजसाठी खास बूट मिळतात. आत पाणी शिरतं, शिरतं तसं निघूनही जातं, आणि तळवा दगड धरून ठेवतो. बरोबर जाड निओप्रीनचे मोजे आणि खांद्याएवढी लाकडी काठी. माणशी तीसेक डॉलर. आदल्या संध्याकाळीच घ्यायचे म्हणजे सकाळची पहिली बस सापडते. 'आपले ट्रेकिंगचे बूट आहेत की' म्हणून हा खर्च वाचवू नका. ओले ट्रेकिंग बूट कसे होतात ते पावसाळ्यात राजगड केलेल्याला सांगायला नको.

मग पार्कच्या माहिती केंद्राशी गेलो. तिथे रोजचा पुराचा अंदाज लावलेला असतो, चार पायऱ्यांचा: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. दुसऱ्या दिवसाचा होता 'अपेक्षित नाही'. बाबांनी तरी रेंजरबाईंना गाठलं. माझी लेक दुभाषी. प्रश्न असा की, प्रवाह पन्नास आहे तर तुम्ही दीडशेलाच का घाबरता? त्या बाईंनी फार समजुतीने सांगितलं. नदी मैलाला पन्नास ते ऐंशी फूट उतरते. दरी काही ठिकाणी वीस-तीस फूटच रुंद आहे. आणि वरचा सगळा पाणलोट उघड्या खडकाचा; पाणी मुरत नाही, सरळ घरंगळत खाली येतं. १४ सप्टेंबर २०१५ ला ही नदी पंधराएक मिनिटांत ५५ क्युसेकवरून २,६३० वर गेली. त्याच दुपारी पार्कच्या दुसऱ्या एका फटीत, कीहोल कॅन्यनमध्ये, उतरलेली सातही माणसं वाहून गेली.

बाबांचं हसू मावळलं. परत येताना म्हणाले, "पंधरा मिनिटांत पन्नासपट. आम्ही दरवाजे उचलायच्या आधी भोंगा वाजवतो, गावागावांत निरोप देतो. इथे भोंगा कोण वाजवणार?"

संध्याकाळी माहिती केंद्रामागून निघणाऱ्या 'पारूस' वाटेवर चालायला गेलो. नदीकाठाने सपाट डांबरी वाट, व्हीलचेअरसुद्धा जाते. मागे 'वॉचमन' शिखर, खालून वर हळूहळू तांबडं होत गेलेलं. पण आई थांबली ती वाटेकडेच्या एका झुडपाशी. तळहाताएवढी रुंद पानं, काटेरी फळं, आणि नुकतं उमलायला लागलेलं वीतभर लांब पांढरं फूल. "अगं, धोतरा!" धोतराच होता, त्याच कुळातला इथला. संध्याकाळी उमलतो, सकाळी ऊन चढलं की मिटतो. इथले काही लोक त्याला झायन लिली म्हणतात, आणि तो तितकाच विषारी असतो. आईला फूल तोडून खोलीतल्या महादेवाच्या फोटोला वाहायचं होतं. पार्कात काहीही तोडायला मनाई आहे हे समजावताना लेकीची दमछाक झाली. शेवटी आईने तिथूनच हात जोडले.

दुसरा दिवस

आमच्या वेळी पहिली बस सातला होती. ऋतूप्रमाणे ती बदलते. सव्वासहाला रांगेत उभे होतो, तरी पुढे चाळीसेक माणसं. थंडी बोचरी. बसमध्ये ध्वनिमुद्रित माहिती चालू असते आणि छताला काचा असतात, म्हणजे बसल्या जागी कडे दिसतात. शेवटचा थांबा 'टेंपल ऑफ सिनावावा'. सिनावावा हा पायूट लोकांच्या कथांतला कोल्ह्याच्या रूपातला देव. ही दरी मुळात त्यांची. १९०९ मध्ये सरकारने तिला संरक्षण दिलं तेव्हाही 'मुकुंतुवीप' हे त्यांच्याकडचंच नाव ठेवलं होतं. १९१८ मध्ये ते बदलून मॉर्मन वसाहतकऱ्यांचं झायन झालं, आणि १९१९ ला राष्ट्रीय उद्यान.

इथून पुढे रिव्हरसाइड वॉक, मैलभर पक्की वाट. आई-बाबांना एवढंच करायचं होतं आणि तेवढंही पुरेसं आहे, हे मी वयस्कर माणसं घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. डाव्या हाताला नदी, उजवीकडे कडा, आणि कड्यातून पाणी झिरपतंय. वरचा वालुकाश्म सच्छिद्र, पाणी त्यातून शेकडो वर्षं खाली उतरत राहतं. खाली कायेंटा नावाचा घट्ट थर लागला की आडवं होऊन भिंतीतून बाहेर येतं. जिथे बाहेर येतं तिथे भिंतीवरच बाग: नेचे, शेवाळ, बारीक फुलं. या ओल्या भिंतींवर राहणारी एक इवलीशी गोगलगाय जगात फक्त झायनमध्ये सापडते. आम्हाला ती काही सापडली नाही. खारी मात्र हव्या तितक्या, लठ्ठ आणि निर्लज्ज. त्यांना खायला घालायला बंदी आहे, आणि त्या चावतात. आईच्या पिशवीतल्या चटणीचा वास एकीला लागला होता.

वाट संपते तिथे पायऱ्या थेट नदीत उतरतात. आई-बाबा पायरीवर बसले. आम्ही तिघं पाण्यात शिरलो.

पहिलं पाऊल टाकलं आणि पोटऱ्या बधिर झाल्या. निओप्रीनच्या मोज्यात शिरलेलं पाणी थोड्या वेळाने अंगाच्या उबेने कोमट होतं, पण ती पहिली दहा मिनिटं देवाचं नाव घेत काढायची. तळाला नारळाएवढे, कलिंगडाएवढे गोटे, सगळ्यांवर शेवाळाचा बुळबुळीत लेप. पाणी हिरवट, तळ अर्धाच दिसतो. तेव्हा आधी काठी पुढे टेकायची, खोली बघायची, मग एक पाय घसपटत नेऊन दोन गोट्यांच्या खाचेत रुतवायचा, मग दुसरा. पाय उचलून टाकायला गेलं की नदी पाय हिसकावते. पन्नास क्युसेक! गुडघाभर पाण्यात उलट दिशेने चालताना तो आकडा मला पहिल्यांदा कळला. काठी पाण्यात उभी धरली की ती थरथरत गुणगुणते. प्रवाहाचा जोर तळहातात ऐकू येतो.

दरी हळूहळू मिटत जाते. सांदण दरी बघितलेल्यांना तो भिंती जवळ येण्याचा अनुभव ठाऊक आहे. फक्त इथे भिंती हजार फुटांच्या आणि पायाखाली बारमाही वाहतं पाणी. वळणावळणावर रंग बदलतो. एका भिंतीवर ऊन पडतं, ते समोरच्या भिंतीवर परावर्तित होतं, आणि जिथे ऊन कधीच पोचत नाही असा खालचा भाग आतून दिवा लावल्यासारखा केशरी दिसतो. त्यावर वरून ओघळलेले काळे पट्टे. सगळे फोटो त्याचेच असतात. मला लक्षात राहिला तो एक ओंडका. डोक्यावर तीन माणसं उभी राहतील इतक्या उंचीवर, दोन भिंतींच्या मध्ये आडवा अडकलेला, साल सोललेला, टोकाला वाळक्या काटक्यांचा झुपका. तो पुरानेच तिथे नेऊन ठेवला असणार हे उघड होतं. लेकीने वर बघितलं, मग पाण्याकडे बघितलं, आणि बराच वेळ काही बोलली नाही. त्यानंतर ती दर वळणाला स्वतःहून सांगायला लागली, "इथे चढायला जागा आहे," "इथे नाहीये." माहिती केंद्रात नेमकं हेच शिकवतात. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, तर विचार करत बसायचं नाही, उंच जागा गाठायची.

नदीचं पाणी पिऊ नका, गाळूनसुद्धा. २०२० पासून इथे विषारी सायनोबॅक्टेरिया आढळतात. डोकंही बुडवू नये असं सांगतात. शेवटच्या बसथांब्यावर नळ आहे, बाटल्या तिथेच भरायच्या.

उजवीकडून ऑर्डरव्हिल कॅन्यनची फट येऊन मिळते, आणि तिथून पुढचा 'वॉल स्ट्रीट' हा सगळ्यात अरुंद तुकडा. किनारा नाही, वाळू नाही, भिंत ते भिंत पाणी. परवान्याशिवाय पाच मैल आत, बिग स्प्रिंगपर्यंत जाता येतं. आम्ही वॉल स्ट्रीटमध्ये अर्धा-पाऊण तास चालून मागे फिरलो. परतीची वाट प्रवाहाबरोबर असते म्हणून सोपी वाटते, आणि तिथेच लोक जास्त पडतात. नवरा कमरेपर्यंतच्या एका डोहात बसलाच. समोरून आता जत्रा यायला लागली होती: चपला घातलेले, काठी नसलेले, खांद्यावर मूल घेतलेले. साडेअकरा वाजले होते. लवकर निघण्याचा फायदा एवढाच की सकाळी दोन-अडीच तास आम्हाला नदीचा आवाज ऐकता आला.

आई-बाबा पायरीवर नव्हते. शोधलं तर बाबा पँट गुडघ्यावर दुमडून पाण्यात उभे, आणि कुठल्याशा टेक्सासच्या निवृत्त गृहस्थांना हातवारे करून काहीतरी समजावत होते. एक काटकी सोडायची, दहा पावलं अंतर ती किती सेकंदांत कापते ते मोजायचं, पात्राची रुंदी पावलांनी, खोली काठीने. गुणाकार करून त्यांनी पंचेचाळीस क्युसेक काढला होता. "तुमच्या सरकारी मापकापेक्षा थोडा कमी आहे, पण काठाला घर्षण असतं," असं ते मला मराठीत म्हणाले आणि टेक्सासच्या गृहस्थांनी मान डोलावली.

तिसरा दिवस

आदल्या दिवशी चारच्या सोडतीतही नंबर लागला नव्हता. तरी नवरा आणि मी ग्रोटो थांब्यावर उतरलो, कारण 'स्काउट लुकआउट'पर्यंत परवाना लागत नाही, आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. दोन मैल आणि हजारेक फूट चढ. आधी उघड्या कड्यावरची वळणं, मग 'रेफ्रिजरेटर कॅन्यन' नावाची खरोखर गार घळ, आणि शेवटी 'वॉल्टर्स विगल्स': एकावर एक रचलेली २१ वळणं, उभ्या भिंतीत दगड बांधून काढलेली. पार्कचे पहिले अधीक्षक वॉल्टर रूश यांनी १९२०च्या दशकात ती करवून घेतली. सगळी वाट पक्की. सह्याद्रीत घसाऱ्यावरून चढलेल्याला ही चढण कष्टाची वाटेल, भीतीची नाही.

वर पोचलं की समोर एंजल्स लँडिंगची धार. साखळ्या धरून वर-खाली करणाऱ्या माणसांची रांग इथून स्पष्ट दिसते, आणि दोन्ही बाजूंना हजार फूट पोकळीही. रेंजर परवाने तपासत बसलेला होता. नवरा बराच वेळ तिकडे बघत राहिला. माझं मत विचाराल तर दरी इथूनही तेवढीच दिसते. वर मिळतं ते धाडस केल्याचं समाधान. ते हवं असेल तर जरूर सोडत भरा. पण तेवढ्यासाठी झायनच्या तारखा ठरवू नका. तारखा नदी बघून ठरवा.

खाली आई-बाबा आणि लेक लॉजसमोरच्या हिरवळीवर, मोठ्या कॉटनवुडच्या सावलीत होते. त्यांनी सकाळी लोअर एमराल्ड पूलची वाट केली होती. धबधबा म्हणजे ऑक्टोबरात दोन-तीन धारा. "नाव पाचूचं, पाणी शेवाळाचं," हा आईचा अभिप्राय. पण त्या धारांच्या मागून, कड्याच्या पोटातून वाट जाते ते तिला आवडलं होतं. दशम्या खाताना दहा हातांवरून रानटर्कींची एक रांग शिस्तीत निघून गेली. दुपारी कुणीच काही केलं नाही. सहलीच्या आखणीत अशी एक रिकामी दुपार ठेवायची असते. आमच्याकडे तिच्यासाठी भांडावं लागतं.

शेवटचा दिवस

खोली सोडून पूर्वेच्या रस्त्याला लागलो. या भागात बस नाही, आपलीच गाडी. रस्ता नागमोडी चढतो आणि बोगद्यात शिरतो. झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० चा, १.१ मैल लांब, आत दिवे नाहीत. मध्येच कड्याच्या बाजूला खिडक्या आहेत. अंधारातून क्षणभर उजेड, दरीचा एक तुकडा, पुन्हा अंधार. आत थांबायला मनाई. बाबांना खिडक्यांचं कारण मी आधी वाचून ठेवलं होतं ते सांगितलं: कड्यात आधी या खिडक्या फोडल्या, तिथून दोन्ही बाजूंना बोगदा खणत गेले, आणि निघालेला दगड खिडकीतूनच खाली लोटला. "म्हणजे डंपरचा खर्च शून्य," बाबा म्हणाले. आजच्या नियमांत कुणी करू देणार नाही, हेही त्यांनीच जोडलं.

बोगद्यातून बाहेर पडताच उजवीकडे कॅनियन ओव्हरलुकचा चिमुकला वाहनतळ. आठच्या आत आलो म्हणून जागा मिळाली. वाट जेमतेम अर्धा मैल; कुठे कठडा, कुठे कड्याला टांगलेला लाकडी पूल, कुठे नुसता ओबडधोबड खडक. आईचे गुडघे आणि माझी धाकधूक दोन्ही बरोबर होते, पण लेकीचा हात धरून ती शेवटपर्यंत आली. इतक्या थोड्या चालण्यात एवढं मोठं दृश्य झायनमध्ये दुसरीकडे नाही.

पुढे खडकांचा स्वभावच बदलतो. दरीतले कडे उभे, इथले सगळे घडी घातलेले, गोलसर, रेघारेघांचे. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या होत्या. त्यांचे तिरपे थर तसेच दगड होऊन राहिलेत. 'चेकरबोर्ड मेसा'वर त्या आडव्या रेघांना उभ्या भेगा छेद देतात, थंडीत गोठून-वितळून पडलेल्या. त्याच्या अलीकडे एका उतारावर वाळवंटी रानमेंढ्यांचा कळप दिसला, खडकाच्याच रंगाचा. एक हलला तेव्हा बाकीचे दिसायला लागले.

इथून ब्राइस दीडेक तासावर. गाडीत त्यावर मतदान झालं आणि ब्राइस हरलं. मागे फिरून आम्ही व्हेगासकडे निघालो. महामार्ग पुन्हा त्या घळईत शिरला, नदी पुन्हा शेजारी आली. बाबांनी नकाशावर बोट ठेवून ती पुढे कुठे जाते ते शोधलं. व्हर्जिन नदी जाते लेक मीडमध्ये, आणि लेक मीड हा हूवर धरणाचा जलाशय.

युटा सोडतानाच गेलेला तास परत मिळाला होता. विमान रात्रीचं होतं आणि धरण व्हेगासपासून पाऊण तासावर. कुणी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "एवढं आलोच आहोत तर..." आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसले. नवऱ्याने गाडी वळवली. भिंतीवरून चालायला पैसे पडत नाहीत, गाडी लावायला पडतात. हूवरची उंची ७२६ फूट, कोयनेची ३३९. हे आकडे बाबांनी कालच काढून ठेवले होते, असं आईने मागच्या सीटवरून सांगितलं.